आपल्या शेजारच्या एका ‘बा’विषयी

वॉशिंग्टन राज्यातल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी एका घरी सत्यनारायणाची पूजा होती. कुणाकडे ते सांगत नाही, तुमच्यातले वीस-पंचवीस जण तिथं होतेच. जेवताना बातम्यांवरून गप्पा निर्वासितांवर घसरल्या आणि एक गृहस्थ म्हणाले, “आपण रांगेत उभं राहून आलो. हे लोक रांग मोडून घुसतात.” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी मठ्ठा वाढत होते. मान खाली घालून वाढत राहिले, आणि घरी आल्यावर त्याचीच टोचणी लागली.

त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात अढी नाही. करोनाच्या दिवसांत त्यांनी महिनाभर आमच्या दारात किराणा आणून ठेवला होता. शिवाय ते वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. तुमच्या घरी बोललं जातं, माझ्याही घरी बोललं गेलं आहे. म्हणून त्यांना एकट्याला न लिहिता तुम्हा सगळ्यांना उघड लिहिते आहे. वाद घालायचा नाही, एका माणसाची आठवण काढायची आहे.

त्यांचं नाव बा व्हान न्गुयेन. दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलात मेजर, चिनूक हेलिकॉप्टरचे वैमानिक. उत्तर व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सैन्यापुढे देश बुडाला तेव्हा बायकोमुलांना घेऊन निघाले आणि पुढे इथं, सिएटल परिसरात त्यांनी संसार उभा केला. आता ते हयात नाहीत. माझी त्यांची भेट झाली नव्हती, हे आधीच सांगते. त्यांची हकीकत मी वाचली, त्यांच्या मुलाच्या तोंडून माहितीपटात ऐकली, आणि मग ती डोक्यातून गेली नाही.

नावातच अडकले मी. दक्षिण व्हिएतनाममध्ये मुलं वडिलांना ‘बा’ म्हणतात आणि आईला ‘मा’. आमच्या आजोळी माझी आई तिच्या वडिलांना ‘बा’च म्हणायची. योगायोग आहे, त्यातून कुणी भाषाशास्त्र काढू नका. तसंही व्हिएतनाम आणि आपण यांच्यात नसलेलं नातं जोडायची आपल्याला सवयच आहे. दर शिवजयंतीला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो निरोप फिरतो ना, की व्हिएतनामनं शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं आणि तिथल्या अध्यक्षाच्या थडग्यावर ‘महाराजांचा मावळा’ असं कोरलंय? त्याला पुरावा कोणी दिलेला मी पाहिला नाही. दरवर्षी मागते, दरवर्षी हात जोडलेल्या बाहुल्या मिळतात. एवढ्या दूरच्या व्हिएतनामबद्दल आपल्याला एवढा अभिमान. आणि जो व्हिएतनाम आपल्यापासून अर्ध्या तासावर राहतो त्याच्याकडून गौरी-गणपतीला केळीची पानं, केळफूल आणि फणस आणायचा, पैसे द्यायचे, चालू लागायचं.

खरं तर माझ्याही मनात व्हिएतनाम एकाच बाजूचा होता. आमचे मामा लाल बावट्याचे. त्यांच्या खोलीत उत्तर व्हिएतनामचे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांचा फोटो. दक्षिण व्हिएतनामचे सैनिक म्हणजे अमेरिकेचे भाडोत्री, एवढ्यावर विषय संपायचा. त्या युद्धाबद्दलचं माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. अमेरिकेनं तिथं जे केलं ते केलं, सैगॉनचं, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतलं, सरकार पोखरलेलं होतं. पण सरकार पोखरलेलं असलं तरी त्याच्या गणवेशातल्या माणसाला तीन मुलं असू शकतात, हे मामांच्या खोलीत कधी शिरलं नाही.

आता २९ एप्रिल १९७५.

आदल्या दिवशी सैगॉनच्या तान सन न्हुत विमानतळावर बॉम्ब पडले होते. २९ तारखेच्या पहाटे तोफा आणि रॉकेटांचा मारा सुरू झाला. धावपट्टी निकामी झाली. मोठी विमानं बंद म्हणजे सुटकेचा एकच मार्ग उरला, हेलिकॉप्टर. अमेरिकेची जहाजं किनाऱ्यापासून दूर समुद्रात उभी होती. त्यांच्या ठरलेल्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्याबरोबर कुणीच न ठरवलेलं एक घडलं. दक्षिण व्हिएतनामचे वैमानिक आपापली हेलिकॉप्टरं घेऊन, आत आपली माणसं कोंबून, जहाज दिसेल त्या दिशेनं समुद्राकडे निघाले.

बा त्यांतले एक. त्यांनी चिनूक उचललं ते थेट समुद्राकडे नेलं नाही. आधी सैगॉनमधल्या एका मोकळ्या मैदानात उतरवलं. बायको मुलांना घेऊन तयार होती. चिनूकचा आवाज कसा असतो ते लष्करी तळाजवळ राहणाऱ्यांना माहीत असेल. दोन प्रचंड पंखे, एक पुढे, एक मागे. कानानं ऐकू येण्याआधी छातीत धडधडतं. त्या बाईनं तो आवाज ओळखला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न जसा ओळखावा तसा ओळखला असेल, असं मला वाटतं. थोरला मुलगा सहा-सात वर्षांचा, धाकटी मुलगी दहा महिन्यांची.

समुद्रावर आल्यावर त्यांना जे जहाज सापडलं ते होतं ‘कर्क’, अमेरिकन नौदलाचं. कप्तान पॉल जेकब्स. जहाज छोटं. मागच्या बाजूला एक हलकं हेलिकॉप्टर मावेल एवढाच चौथरा. त्या दिवशी त्याच चौथऱ्यावर एकामागून एक ह्युई हेलिकॉप्टरं उतरत होती. माणसं उतरवायची आणि पुढच्याला जागा करायला रिकामं हेलिकॉप्टर ढकलून समुद्रात लोटून द्यायचं. लाखो डॉलरची यंत्रं खलाशी हातानं लोटत होते. ह्युईपर्यंत ठीक होतं. पण चिनूक? जहाजाची रुंदी १४ मीटर आणि चिनूकच्या एकेका पंख्याचा व्यास १८ मीटर. उतरायचा प्रयत्न केला असता तर पाती जहाजाच्या लोखंडावर आपटून वरचे आणि खालचे सगळेच मेले असते. खलाशी हातवारे करून परत जा, परत जा म्हणत होते.

जाणार कुठे?

तेव्हा बांनी ते केलं ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. त्यांनी चिनूक जहाजाच्या मागच्या चौथऱ्यावर अधांतरी धरलं. उतरवलं नाही, नुसतं धरलं. खाली जहाज लाटांवर वरखाली होतंय, वर पंख्यांचा वारा असा की उभं राहता येत नाही, आणि दार उघडं. माणसं एकेक करून उडी मारू लागली, खालचे खलाशी झेलू लागले. मुलगा उतरला. आईनं दहा महिन्यांची मुलगी हातात धरून दाराबाहेर केली आणि सोडली. खाली परक्या देशाचे, परक्या भाषेचे, विशी-बाविशीतले पोरगे उभे होते. त्यांनी झेलली. मग आईनं उडी मारली. आपण हिरकणीची गोष्ट पोरांना सांगतो, दरवर्षी कुणाची तरी मुलगी नऊवारी नेसून ती सादर करते. बाळासाठी कडा उतरणं मला समजतं. बाळाला हातातून सोडणं मला आजही समजत नाही, आणि मी दोन मुलांची आई आहे.

सगळे उतरले. वर उरले एकटे बा.

त्यांना झेलणारं कुणी नव्हतं, कारण त्यांनी हात काढला की यंत्र पडणार. आणि जहाजावर पडलं तर ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तीच माणसं खाली. त्यांनी चिनूक बाजूला नेलं, जहाजापासून जेमतेम पन्नास-साठ मीटरवर, आणि चाकं पाण्याला लागतील इतकं खाली आणून तिथं तरंगत ठेवलं. मग त्यांनी अंगातला वैमानिकाचा पोशाख काढायला सुरुवात केली. ऐकायला हे किरकोळ वाटतं. हेलिकॉप्टर एका जागी धरायला दोन्ही हात लागतात आणि दोन्ही पाय. एक हात दांड्यावर, दुसरा पंख्याचा जोर सांभाळणाऱ्या तरफेवर, पाय पेडलवर. त्यात एकेक हात सोडवत, एकेक पाय सोडवत गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पोशाख उतरवायचा, कारण तो भिजला की बुडवणार. जहाजावरून लोक बघत होते, त्यांना कळेना हा थांबलाय कशासाठी. कित्येक मिनिटं गेली. बायको आणि मुलंही बघत असतील. शेवटी त्यांनी यंत्र एका बाजूला कलतं केलं आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून समुद्रात झेप घेतली. पाती पाण्यावर फुटून तुकडे उडाले, चिनूक बुडालं. काही क्षणांनी पाण्यावर एक डोकं दिसलं. जहाजाच्या होडीनं त्यांना वर घेतलं तेव्हा अंगावर अंतर्वस्त्राखेरीज काही नव्हतं. अमेरिकेत येताना बांचं सामान ते एवढंच.

जाता जाता एक. चिनूक हे हेलिकॉप्टर बोइंगचं. आपल्यातले निम्मे लोक ज्या कंपनीत पगार घेतात तिचंच.

या सगळ्यात रांग कुठे होती, असं त्या गृहस्थांना विचारावंसं वाटतं. एक रांग होती म्हणा. सैगॉनमध्ये, अमेरिकेच्या वकिलातीच्या आवारात. रात्रभर तिथं लोकांना शिस्तीत बसवून ठेवलं होतं. धीर धरा, सगळ्यांना नेणार, हेलिकॉप्टर येतंय, असा शब्द दिला होता. ३० एप्रिलची पहाट झाली, वरून फेऱ्या थांबवायचा हुकूम आला, राजदूत गेले, शेवटचे मरीन सैनिक गच्चीवरून गेले. आणि चारशेहून अधिक माणसं आवारात तशीच बसून राहिली, रांगेत. त्याच दिवशी दुपारच्या आत सैगॉन पडलं. रांगेत बसलेले राहिले आणि बा वाचले, कारण त्यांनी रांग धरली नाही.

रांग काय असते हे मला कळत नाही असं समजू नका. मी अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत होते. भारतात जन्मलेल्यांची रांग का सरकत नाही, एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा म्हणजे काय, हे मी झोपेत सांगू शकते. त्या अकरा वर्षांत इकडे माझे कागद अडकले आणि तिकडे कऱ्हाडला माझे वडील माणसं विसरू लागले. भारतात गेले तर परतीच्या शिक्क्याचं काय होईल याची धास्ती होती. वकील म्हणाले, आत्ता नको. मी ऐकलं. त्याचा राग आहे माझ्या मनात, अजून आहे. आपल्या सगळ्यांच्या मनात तो आहे आणि म्हणूनच ‘रांग’ हा शब्द आपल्या तोंडी इतका कडू येतो, हेही मला कळतं. पण आपली रांग बांनी मोडलेली नाही. त्यांच्यामुळे आपला एकही नंबर मागे गेला नाही. ज्या रांगेत आपण होतो तिच्या दोन्ही टोकांना घर होतं. इकडे भाड्याचं, तिकडे वडिलोपार्जित. कंटाळून परत जायची सोय होती. त्यांच्या मागे नुसता समुद्र होता.

आणि ते बेकायदा आले असाही गैरसमज नको. १९७५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संसदेनं त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, २३ तारखेला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. त्या वर्षी सुमारे १,३०,००० लोक आले. लोकांना ते हवे होते का? मुळीच नाही. गॅलपच्या तेव्हाच्या पाहणीत ५४ टक्के अमेरिकनांनी त्यांना नको म्हटलं होतं, ३६ टक्क्यांनी हो. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीही नाराजीचा सूर लावला होता. ते ऐकून आपल्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांनी काय केलं ते इथं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. डॅन एव्हान्स, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी आपले सहायक राल्फ मन्रो यांना कॅलिफोर्नियातल्या कँप पेंडल्टनच्या निर्वासित छावणीत पाठवलं. सांग त्यांना, आमच्याकडे या. पहिले ५०० जण आले ते टॅकोमाजवळच्या कँप मरेमध्ये. मग चर्चवाल्यांनी, शेजाऱ्यांनी एकेक कुटुंब वाटून घेतलं. कुणी कोट दिले, कुणी गाडी शिकवली. आपण इथं पोहोचलो तेव्हा या राज्याला परक्या चेहऱ्यांची थोडीफार सवय झालेली होती, ती आपोआप झाली नव्हती.

आता बांच्या सैनिक असण्याबद्दल. इथं माजी सैनिकाचा मान मोठा असतो, आपणही नोव्हेंबरात पोरांच्या शाळेत जाऊन टाळ्या वाजवतो. पण दक्षिण व्हिएतनामचा सैनिक अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या हिशेबात सहसा बसत नाही. अमेरिकेच्या बाजूनं लढला तरी अमेरिकेच्या गणवेशात नव्हता. ज्या देशाच्या गणवेशात होता तो देश नकाशावर नाही, म्हणून तिकडचंही निवृत्तिवेतन नाही. ‘कर्क’नंच पुढे दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाची उरलीसुरली तीसेक जहाजं आणि त्यांवरचे जवळपास ३०,००० लोक फिलिपीन्सपर्यंत नेले. फिलिपीन्सनं नव्या सरकारला मान्यता दिलेली, त्या झेंड्याखाली बंदरात येऊ देईना. तेव्हा ७ मे रोजी समुद्रातच त्या जहाजांवरचा पिवळा झेंडा उतरवला. राष्ट्रगीत म्हणून, रडत उतरवला आणि अमेरिकेचा चढवला. तो पिवळा, तीन तांबड्या पट्ट्यांचा झेंडा तुम्ही इथल्या व्हिएतनामी दुकानांत पाहिला असेल. मी पंधरा वर्षं तो दुकानाचा काहीतरी लोगो समजत होते. लाज वाटते सांगायला.

‘कर्क’वरच्या लोकांना त्या वैमानिकाचं नाव कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. फोटो होते. इंजिन विभागाचे प्रमुख ह्यू डॉयल यांनी बायकोला पाठवायच्या कॅसेटमध्ये सगळी हकीकत बोलून ठेवली होती. पण तो माणूस कुठे गेला, जगला का, कुणाला पत्ता नव्हता. तो इथंच होता. मुलांना शाळेत सोडत असेल, पावसात गटाराची पानं काढत असेल. तीन दशकांनंतर मुलानं शोधाशोध केली आणि दोन्ही टोकं जुळली. २०१० मध्ये जहाजाच्या जुन्या मंडळींनी संमेलन भरवून बांना पदक दिलं. तोवर अल्झायमरनं त्यांना गाठलं होतं. बोलणं जवळपास गेलं होतं. ज्या दिवसाबद्दल पदक मिळत होतं तो दिवस त्यांच्याजवळ किती शिल्लक होता, कोण जाणे.

इथं मला माझे वडील आठवतात, त्याला इलाज नाही. ते एसटीचे ड्रायव्हर. कऱ्हाड–चिपळूण, कुंभार्ली घाट, पावसाळ्यात दरडी, धुकं. चौतीस वर्षं. मी अखेर पोहोचले तेव्हा ते मला ओळखत नव्हते, पण अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा आणि हात हवेत गिअर शोधायचा. आई म्हणायची, घाट चढतायत. मागं पन्नास माणसं बसलीत असंच त्यांना वाटत असणार. म्हणून बांबद्दल वाचलं तेव्हा मला पदकाचं काही वाटलं नाही. त्यांचे हात शेवटी काय करत असतील, एवढंच मनात आलं.

तर मागणं असं आहे. ३० एप्रिल हा इथले व्हिएतनामी लोक ‘काळा एप्रिल’ म्हणून पाळतात. दुसऱ्या दिवशी १ मे, आपला महाराष्ट्र दिन. आपला कार्यक्रम त्याच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या शनिवारीच असतो. दोन्ही तारखा वर्षानुवर्षं एकमेकींना खेटून आहेत आणि आपण कधी पाहिलं नाही. यंदा कार्यक्रमात दहा मिनिटं द्या. भाषण नको, दीपप्रज्वलन नको, प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलावून शाल-श्रीफळ तर अजिबात नको. एका मुलानं उभं राहून मराठीत ही गोष्ट सांगावी, एवढंच. मराठी शाळेतला कुणी तयार असेल तर मी लिहून देते, बसवून घेते.

आणि ३० तारखेला मी सिएटलच्या लिटल सैगॉनमध्ये जाणार आहे, बारावा ॲव्हेन्यू आणि जॅक्सन स्ट्रीट जिथं मिळतात तिथं. एरवी केळीची पानं आणायला जाते तिथंच. त्यांच्यापैकी कुणी कार्यक्रम ठेवला असेल तर मागं उभी राहीन, नसेल तर एक वाटी फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, खाऊन परत येईन. शाकाहारी फोही मिळतो, आधीच विचारून ठेवलंय. गाडीत चार जागा आहेत. मठ्ठ्याच्या वेळी समोर बसलेल्या त्या गृहस्थांसाठी पुढची सीट राखून ठेवली आहे. त्यांनी फक्त आदल्या रात्री कळवावं, तिकडं पार्किंगची बोंब असते, लवकर निघावं लागेल.

तुमची,
एक मराठी शेजारीण